सौरभचा ळ

आमच्या ऑफिसात भांडणं दोनच गोष्टींवरून होतात, एसी कितीवर ठेवायचा आणि फॉन्ट कुठला वापरायचा. मुलुंड पश्चिमेला पाच रस्ता चौकाच्या अलीकडे एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. दिवसभर खालून तुपाचा वास येतो आणि वर आम्ही हाउसिंग सोसायट्यांची कागदपत्रं करतो. लिफ्ट बंद राहील, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, वार्षिक सभेला सर्वांनी वेळेवर हजर राहावे. असल्या नोटिसा लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. भुताखेतांची मला कधी भीती वाटली नाही. सोसायटीच्या कमिटीपेक्षा भुतं परवडली.

फॉन्टचं भांडण जुनं होतं. प्रत्येक टेबलावर वेगळा फॉन्ट, त्यातले काही बाबा आदमच्या काळातले. एका मशीनवर टाइप केलेली नोटीस दुसऱ्यावर उघडली की अक्षरांच्या जागी टक्के, कंस आणि उद्गारचिन्हं. भांडुपच्या एका सोसायटीने तर ती तशीच छापून बोर्डावर लावली. आमचे मालक देवव्रत सर असे भडकले की खालच्या दुकानात ऐकू गेलं.

"बस झालं! एकच फॉन्ट. नवीन फाइल उघडली की आपोआप तोच आला पाहिजे, कुणाला निवडायला द्यायचंच नाही. श्रुतिका, तू ठरव."

"डिफॉल्ट," दिशा म्हणाली. आमचे कॉम्प्युटर तीच सांभाळते. "म्हणजे सांगावा लागत नाही सर. असतोच, तो."

मला एकदम सौरभ आठवला. घरातला माणूस तसाच असतो ना. संध्याकाळी दार उघडलं की तो असतोच, त्याला कुणी रोज निवडत नाही.

सौरभ माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी गेला. अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत मराठी अक्षरं काढायचा. जेवणाच्या सुट्टीत छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलच्या दारातच संपलं सगळं. घरी आमच्या जेवणाच्या टेबलावर तो स्वतःचा एक फॉन्ट करत होता. बटर पेपरवर पेन्सिलीने अक्षर काढायचं, दिवसभर भिंतीवर चिकटवून बघायचं, पसंत पडलं तरच कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं. अवघड अक्षर त्याने शेवटासाठी ठेवलं होतं. ळ.

"ळ जमला की फॉन्ट जमला," तो म्हणायचा. "दोन वेटोळी असतात गं त्याला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं पाहिजे."

"अरे पण ळ नसेल तर तुला खुळा कसं लिहू मी?" मी चिडवायचे.

कितीतरी ळ त्याने काढले आणि कितीतरी चुरगळून टाकले. एकही कॉम्प्युटरमध्ये गेला नाही. तो गेला तेव्हा फॉन्टमध्ये बाकी सगळी अक्षरं होती, आणि ळच्या जागी रिकामी चौकट.

मी पाच फॉन्ट निवडले. एकच नोटीस पाचांमध्ये छापून भिंतीवर लावली, खाली नावं न घालता. "सर्व गाळाधारकांना कळविण्यात येते की, टाकी सफाईमुळे मंगळवारी सकाळी पाणी वेळेवर येणार नाही." आणि मग, का कुणास ठाऊक, सौरभचा सहावा लावला. एकदा तरी त्याची अक्षरं भिंतीवर चारचौघांत बघायची होती, बस. जे अक्षर फॉन्टमध्ये नसतं ते कॉम्प्युटर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो, आणि ते दुसऱ्या कापडाच्या ठिगळासारखं दिसतं. मला ते माहीत होतं. ठिगळ तर ठिगळ म्हटलं.

मतदान टिकल्यांनी झालं. आवडेल त्या कागदाखाली प्रत्येकाने आपली टिकली लावायची. दुपारपर्यंत सहाव्याखाली टिकल्यांची रांग लागली.

"मॅडम, हा ळ बघा ना," दिशा म्हणाली. "कसला भारी आहे यार!"

मी बघितलं. ठिगळ नव्हतं. गाळाधारक, कळविण्यात, मंगळवारी, सगळीकडे ळ होता आणि तो सौरभचा होता. डावं वेटोळं जरासं लहान, उजवं त्याच्याकडे झुकलेलं. शेपूट आत वळवलेलं. मी खुर्ची ओढली आणि बसले.

डोकं ठिकाणावर ठेवायची मला सवय आहे. म्हटलं, त्याने नंतर कधीतरी पूर्ण केला असेल आणि मला दाखवायचा राहिला असेल. घरी जाऊन त्याचा कॉम्प्युटर उघडला. अक्षरांच्या चौकटींच्या ओळी समोर आल्या, प्रत्येकीत एक अक्षर. ळची चौकट रिकामी होती. पेन ड्राइव्ह बघितले, जुन्या मेल बघितल्या, ऑफिसात नेलेली प्रतही पुन्हा उघडून बघितली. कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच फॉन्ट लावून मी एक ळ टाइप केला. तो आला.

मी नोटिशीच्या दोन प्रती काढल्या आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. फॉन्ट म्हणजे रबरी शिक्का. हजारदा मारा, छाप तोच. क वर क बसला, म वर म बसला. ळ बसला नाही. एका कागदावरचे ळसुद्धा एकमेकांसारखे नव्हते. एकाचं वेटोळं मोठं, एकाची मान उंच, एक घाईत काढल्यासारखा. कुणीतरी प्रत्येक ळ नव्याने काढत होतं. बाहेर पाच रस्त्यावर नेहमीचे हॉर्न वाजत होते आणि कागद धरलेले माझे हात खाली येईनात.

"काहीतरी सेटिंग असेल," दिशा म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.

तेव्हाच मी तो फॉन्ट बाद करायला हवा होता. मी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, हाच.

"कुणाचा आहे हा?"

"घरचाच आहे सर."

"म्हणजे फुकट?"

"हो."

"झकास!"

दिशाने तो सगळ्या मशीनवर चढवला. सोसायट्यांना फाइली जात त्यांच्यासोबत फॉन्टही जाऊ लागला, नाहीतर त्यांच्याकडे अक्षरं फुटली असती.

ते दिवस फार छान गेले, खोटं कशाला बोलू? सकाळी ऑफिसात आले की मी नवीन फाइल उघडायचे आणि नुसता ळ टाइप करायचे. एक आला की पुसायचा, मग दुसरा. कधी नीटनेटका यायचा, कधी मिश्कील, शेपूट उडवलेला. एकदा मी लिहिलं, "सौरभ, तू आहेस का?" काहीच झालं नाही. मग लिहिलं, "माझं बोलणं तुला कळतं का?" ‘कळतं’मधला ळ इतका हळूच, इतका जपून आला की मला भरून आलं. उत्तर वगैरे काही नाही. तो अक्षर काढत होता, एवढंच. तेवढंही मला पुष्कळ होतं. माझं रडून कधीच झालं होतं, लोकांचं समजावून झालं होतं. मला तो हवा होता. त्याचं काहीही चाललं असतं.

पुढे वार्षिक सभांचा हंगाम आला. सगळ्या सोसायट्यांचे अहवाल एकदम, सगळी टेबलं एकदम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्याकडे मराठी टाइप होत होतं, आणि मराठीत ळ शिवाय ओळ जात नाही.

ळ उशिरा येऊ लागला.

‘सकाळी’ असा शब्द टाइप केला की ‘सका’नंतर आधी नुसती फट दिसायची, तिच्यापुढे एकटी वेलांटी. मग तिथे ळ यायचा. टायपिंगच्या मुली वैतागल्या. "मॅडम, ळ अडकतोय!" दिशाने फॉन्ट काढून पुन्हा चढवला. तरी तेच. मग त्याची रेघ थरथरायला लागली. वेटोळं पूर्ण व्हायचं नाही, टोकं जाड यायची, पेन्सिल दाबून धरल्यासारखी. दुपारनंतर तर ळ पार कलंडलेला असायचा, कोपर टेकून बसल्यासारखा.

"मॅडम, एक विचारू?" दिशा माझ्या टेबलाशी आली. "मी फाइल उघडून बघितली. हिच्यात ळ नाहीच आहे. मग हा येतो कुठून?"

ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तीही थांबली आणि आपल्या जागेवर गेली. त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी अहवालाचं एक पान घरी नेलं. आम्ही पूर्वेला नवघर रोडला राहतो, मी आणि सौरभची आई, सुगंधा. सासरे गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. सौरभ एकुलता एक. आई मुंबईत जन्म काढूनही मालवणीच बोलतात. त्या मेथी निवडत होत्या. मी पान त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि ओळींवरून बोट फिरवत राहिल्या.

"सौरभाचा अक्षर ह्या."

"हो, आई."

त्यांचं बोट एका ळवर थांबलं. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. मेथीचा वास सगळ्या खोलीत पसरला होता. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"दमलो दिसता माझो झील," त्या म्हणाल्या.

त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं.

"तेका जेवक सोड गे."

काम करताना त्याला जेवणाची शुद्ध नसायची. तीनतीनदा हाक मारावी लागायची. प्रत्येक वेळी आई मलाच पाठवायच्या, "जा, तेका उठव." आणि मी जाऊन त्याच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचे. आता त्याच्या हातात पेन्सिल कुणी दिली होती? मीच. नुसती दिली नाही, अख्खं ऑफिस त्याच्या पाठीशी लावलं. कुणी काही निवडायचं नाही, नुसतं टाइप करायचं, आणि त्याने काढत बसायचं. सुट्टी नाही, जेवण नाही. माझाच मला असा संताप आला की ते पान मी मुठीत चुरगळलं, आणि लगेच सरळ केलं. त्याने काढलेलं होतं ते.

फॉन्ट काढला की तो सुटणार होता. आणि मला परत काहीच उरणार नव्हतं. एकदा हॉस्पिटलच्या दारात त्याला सोडलं होतं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं, सोडा म्हणून.

शनिवारी अर्धा दिवस असतो. मी सरांना म्हटलं, "फॉन्टमुळे टायपिंग रखडतंय सर, दुसरा लावू." ते कुरकुरले, पण अहवाल अडलेले त्यांनाही दिसत होते. टिकल्यांमध्ये दुसरा आलेला फॉन्ट ठरला. दिशा सगळ्यांच्या मशीनवर बसून आली, शेवटी माझ्याकडे आली.

"एक मिनिट," मी म्हटलं.

मी नवीन फाइल उघडली आणि लिहिलं, "चल, जेवायची वेळ झाली."

ळ लगेच आला. स्वच्छ, सरळ, जरा घाईत. पेन्सिल टाकून उठणाऱ्या माणसाचा.

दिशाने बटण दाबलं. समोरच्या ओळीचा चेहरा बदलला. नीट, सारखी, कुणाचीच नसलेली अक्षरं. मी पर्स उचलली आणि खाली आले. मिठाईवाल्याने नमस्कार केला, मी त्यालाही नमस्कार केला, आणि रेल्वेच्या पुलावरून पूर्वेला उतरेपर्यंत डोळे पुसत राहिले.

रविवारी आईंनी बांगडे आणले. त्यांचं झणझणीत तिखलं केलं, तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी. दोनच माणसांसाठी एवढा थाट हल्ली होत नाही. टेबलावर त्यांनी तीन ताटं वाढली.

"आई..."

"आज येतलो तो. भुकेलो आसतलो."

मी त्यांना अडवलं नाही. आम्ही दोघी जेवलो. तिसरं ताट त्याच्या जागेवर तसंच होतं, मीठ, लिंबाची फोड, सगळं वाढलेलं. मग आई आतल्या खोलीत आडव्या झाल्या आणि मी गॅलरीत कपडे काढायला गेले. ऊन लख्ख होतं. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. कपडे घड्या करून मी आत आले.

भाकरी मोडलेली होती.

बांगड्याची एक बाजू साफ झाली होती, काटा अख्खा काढून ताटाच्या कडेला ठेवला होता. भातात तिखलं कालवलं होतं.

मांजर, असं मनात आलं. पाचवा मजला, खिडक्यांना जाळ्या, आणि कालवून खाणारं मांजर.

"आई," मी हाक मारली.

त्या आल्या, ताट बघितलं आणि घाबरल्या वगैरे मुळीच नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या. मीही बसले.

"सावकाश जेव रे," त्या म्हणाल्या. "कोण बोलवना नाय तुका."

आम्ही बघत होतो तोवर काही हललं नाही. पंखा फिरत होता. तिखल्याचा वास येत होता. दोन वर्षांत माझ्या जिवाला इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं.

बेल वाजली.

दारात आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी राजाराम काका होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात छापलेली नोटीस.

"वहिनी, थँक यू हां! तुमच्या ऑफिसकडून फाइलीसोबत तो फॉन्ट यायचा ना? काल बघतो तर भलताच आला. म्हटलं, इतका सुंदर फॉन्ट कशाला सोडायचा? माझ्याकडे होताच. आत्ता सोसायट्यांच्या फेडरेशनच्या ग्रुपवर टाकला."

"कधी?"

"हे काय, पंधरा-वीस मिनिटं झाली. सगळ्यांना लिहिलं, हाच डिफॉल्ट करा. बघा, कसे उड्या मारतायत!"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. घाटकोपरची कुठली सोसायटी, बोरिवलीच्या दोन, वर्सोव्याची एक. मिळाला. मिळाला, धन्यवाद. मिळाला. मी बघत असतानाच खालून नवी नावं वर येत होती.

"काका, थांबवा हे. काढून टाका."

"आता कसा काढणार वहिनी?" ते हसले. "पोचला तो सगळीकडे."

त्यांच्या हातातली नोटीस मी बघितली नाही. दार लावलं.

आई टेबलाशीच होत्या. उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात ताटाकडे केलेला.

"खंय गेलो गे तो? अर्ध्यारच उठलो."

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये म्हणतात. आमच्या घरात आजवर कुणी कुणाला उठवलं नव्हतं.

मी जवळ गेले. ताटात एक घास वळून तसाच राहिला होता, तोंडापर्यंत न गेलेला. त्याच्यावर बोटं उमटली होती.